शहीद होण्याआधीचा शिपाई

मराठी साहित्यात शिपाई नाही, असे कुणी म्हणणार नाही. पोवाडा तर शिपायासाठीच जन्माला आला. बखरी शिपायांनी भरल्या आहेत. शाळेच्या क्रमिक पुस्तकात शिपायावर एखादा धडा असतो आणि सव्वीस जानेवारीच्या भाषणात तो हमखास असतो. पण हा शिपाई नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. तो एक तर लढाईला निघालेला असतो, नाही तर लढाईत पडलेला असतो. निघणे आणि पडणे यांच्या मधला शिपाई आमच्या साहित्यात फारसा सापडत नाही. पहाऱ्यावर उभा असलेला, लंगरसमोर थाळी घेऊन रांगेत थांबलेला, मोजे वाळत घालणारा, घरून आलेले पत्र चौथ्यांदा वाचणारा, रजेचे दिवस बोटांवर मोजणारा शिपाई कुठे आहे? खरे तर नोकरीत असेच दिवस जास्त. लढाईचा दिवस क्वचित येतो. काहींच्या नोकरीत तो येतही नाही. साहित्याने मात्र त्या एका दिवसाची दखल घेतली आणि बाकीची वर्षे सोडून दिली.

हा प्रश्न आम्हांला का पडला ते सांगायला हवे. आम्ही जयसिंगपूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात दखनी, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू, असा आमचा दिवस जातो. आमचा शिरोळ तालुका फौजेला माणसे देणारा. याच तालुक्यातल्या टाकळीला घरोघरच्या शिपायांमुळे ‘सैनिक टाकळी’ हे नावच पडले. आमच्या वर्गातही अधूनमधून एखादे फौजीचे मूल असते. ‘मेरे वालिद’ असा निबंध दिला की ते मूल आधी पाठ केलेल्या ओळी लिहिते. सीमा, बर्फ, बंदूक. मग पाठांतर संपते आणि खरा बाप सुरू होतो. एका मुलीने लिहिले होते की अब्बा रजेवर आले की पहिले दोन दिवस ते पाहुण्यासारखे वाटतात, म्हणून आम्ही त्यांच्याशी कमी बोलतो; आणि नीट बोलायला लागतो तोवर त्यांची काळी पेटी पुन्हा भरायला घेतलेली असते. शाळकरी वहीत जे इतक्या सहज उतरले, ते आमच्या कथा-कवितांत का उतरले नाही, हा आमचा प्रश्न आहे. त्यातही मुसलमान शिपायाच्या बाबतीत हे मौन दुहेरी आहे. त्याच्याकडे आपण पुढे येऊ. आधी मराठी आणि उर्दू अशी दोन्ही कपाटे उघडून पाहू.

मराठीत मागे जायचे तर उत्तर पेशवाईतल्या लावणीपाशी थांबावे लागते. त्या लावण्यांत विरहिणी पदोपदी भेटते. तिचा सखा परमुलखात गेलेला असतो, ऋतू पालटतात आणि ती वाट पाहते. समीक्षकांनी या बाईकडे बहुधा शृंगाराच्या अंगाने पाहिले. आम्हांला वाटते, तिच्याकडे शिपायाची बायको म्हणूनही पाहिले पाहिजे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने घर पुरुषाविना. मोहीम उत्तरेत लांबली तर तो पावसाळाही रिकामा जाई. लावणीतला विरह हा निव्वळ काव्यसंकेत नव्हता. त्यामागे गावोगावच्या रिकाम्या ओसऱ्या होत्या. या शाहिरांमधला सगनभाऊ जेजुरीचा, जन्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्याच्या घरातून मागे राहिलेल्या बाईचे गाणे यावे, हे आम्हांला सूचक वाटते. हत्यार ज्याच्या हातून धार लावून जाते, त्याला ते कुणाच्या उंबऱ्यातून बाहेर पडणार हे ठाऊक असते.

पण लावणीची एक मर्यादा आहे. ती घराच्या बाजूने बोलते. शिपाई छावणीत काय करतो, रात्री त्याला झोप लागते की नाही, हे तिच्यात नाही. पुढच्या काळातल्या रणगीतांतही नाही. अमर शेखांचा डफ चिनी आक्रमणाच्या काळात कडाडला, त्याने माणसे उठवली. रणगीताचे कामच ते. ते दारात उभे राहून हाक मारते. हाकेला ओ देऊन गेलेल्या माणसाबरोबर ते खंदकात उतरत नाही.

शिपाई स्वतः मोठ्या प्रमाणावर बोलला तो पहिल्या महायुद्धात, आणि तोही पत्रांतून. १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या. त्यांची पत्रे तपासण्यासाठी इंग्रज सरकारने खास सेन्सॉर कचेरी उघडली. तिथल्या अधिकाऱ्यांनी हजारो पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवालांना जोडले. मूळ पत्रे घरोघर गेली आणि बहुतेक नष्ट झाली. उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून निवडलेल्या पत्रांचे पुस्तक १९९९ साली काढले. ज्या कचेरीला शिपायाच्या मनावर नजर ठेवायची होती, तिच्यामुळेच त्याचे मन आपल्यापर्यंत पोचले, हा इतिहासाचा अजब न्याय म्हणावा लागेल.

या पत्रांतली बरीचशी उर्दूत लिहिलेली होती, कारण फौजेची समाईक भाषा तीच होती. लिहिणारे पुष्कळ वेळा स्वतः शिपाई नसत. निरक्षर शिपाई मुन्शीला किंवा लिहिता येणाऱ्या सोबत्याला मजकूर सांगे. मधे सेन्सॉर वाचे. गावात पोस्टमन, मास्तर किंवा मौलवी वाचून दाखवी. आणि दाराआड बायको ऐके. एका पत्राला इतके कान. अशा पत्रात माणूस घरची ओढ कशी सांगेल?

वर्गात ‘खतनवीसी’ शिकवताना आम्ही मुलांना अलकाब आणि आदाब शिकवतो. आधी दर्जाप्रमाणे संबोधन, मग सलाम, मग इथली खैरियत आणि तिथली खैरियत खुदाकडे मागणे. मुलांना हे रटाळ वाटते. मराठीतल्या ‘पत्रास कारण की’चेही तेच. पण शिपायांची पत्रे वाचली की या ठरीव शब्दांचा उपयोग समजतो. माणूस त्या शब्दांच्या मागे उभा राहतो. सलाम-दुआ झाली की तो बैलांची चौकशी करतो. पाऊस झाला का, कर्जाचा हप्ता दिला का, बहिणीचे ठरले का, भावकीने बांध कोरला तर नाही? ‘मला घर आठवते’ असे वाक्य लिहिण्याची गरजच उरत नाही. ज्याला म्हशीच्या पोटात असलेल्या वासराची काळजी आहे, त्याला घर आठवते हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच पत्रांतली काळ्या मिरीची आणि लाल मिरचीची खूण प्रसिद्ध आहे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. मिरी किती संपली आणि मिरची किती उरली असे लिहिले की गावात अर्थ कळे. अभ्यासक याकडे सेन्सॉरला चकवण्याची युक्ती म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. पण युक्तीसाठी शब्द कुठून घेतले ते पाहा. हत्यारांतून नाही, जनावरांतून नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांतून घेतले. माणसाचे मन जिथे रेंगाळत असते तिथलेच शब्द त्याच्या हाताशी येतात.

फ्रान्सचे झाले. मराठा पलटणींचे मोठे रण मात्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. कूत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढून ठेवले. १४७ दिवस. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान शिपाई दोघेही ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी बरेच दिवस ते तयार होईनात. सेनापतींच्या दृष्टीने हा हट्ट होता. आम्ही त्याकडे घराच्या बाजूने पाहतो. गाव, शेत, भाषा, बायकामुले असे सगळे हिरावलेल्या माणसाजवळ घराचे शेवटचे काही उरले असेल, तर ते म्हणजे काय खायचे आणि काय नाही ही आईने लावलेली सवय. ती सोडली की घरी परत कुठल्या तोंडाने जायचे, हा प्रश्न भुकेपेक्षा मोठा ठरला. लष्करी इतिहासात याला एक परिच्छेद मिळतो. कथाकाराला यात कादंबरी दिसायला हवी होती.

आणि आता आमच्या वाचकांनी ज्याकडे लक्ष द्यावे अशी गोष्ट. त्या काळच्या मराठा पलटणींत ‘दखनी मुसलमान’ म्हणून वेगळ्या कंपन्या असत. दखनी मुसलमान म्हणजे आपणच. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या भागातले, घरात दखनी आणि शिवारात मराठी बोलणारे लोक. त्यांची लढाई तुर्कांशी, म्हणजे खलिफाच्या फौजेशी होती. ११ मार्च १९१७ रोजी इंग्रजी फौजा बगदादमध्ये शिरल्या. बगदाद म्हणजे पीराने पीर अब्दुल कादिर जिलानींचे गाव. आपल्याकडे घरोघर ग्यारवी होते. ज्या गावाचे नाव शिपायाने लहानपणापासून ग्यारवीच्या फातिह्यात ऐकले, आईने ज्या नावाने नवस बोलले, त्या गावात तो खांद्यावर सरकारी बंदूक घेऊन उभा राहिला असेल तर त्याला काय वाटले असेल? घरी लिहायला त्याच्याजवळ कोणते शब्द होते? आईला तो काय सांगणार होता, ज़ियारत झाली की मोहीम झाली?

योगायोग असा की त्याच १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने आमचे जयसिंगपूर वसवले. महाराजांनी त्या युद्धात मराठ्यांच्या लष्करभरतीला हातभार लावला होता. आमच्या गावाचा जन्म आणि बगदादचा तो पहारा एकाच वर्षातले आहेत. पण बगदादच्या पहाऱ्यावरच्या दखनी मुसलमानाची एकही गोष्ट आमच्या वाचनात नाही. ना मराठीत, ना उर्दूत. उर्दूच्या लेखी तो दखनी म्हणून दूरचा, मराठीच्या लेखी मुसलमान म्हणून दूरचा.

आता उर्दू-हिंदीचे कपाट. हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा १९१५ सालची, म्हणजे युद्ध चालू असतानाची. फ्रान्सच्या खंदकातला लहनासिंह हा तिचा नायक. कथा त्याच्या त्यागासाठी शिकवली जाते. पण ती वाचकाच्या मनात राहते ते खंदकातल्या थंडीमुळे, चिखलामुळे, सोबत्यांच्या थट्टेमुळे, आणि शेवटी मरणाच्या गुंगीत लहनासिंहाला दिसणाऱ्या आपल्या हाताने लावलेल्या आंब्याच्या झाडामुळे. शौर्य सांगून झाल्यावरही गुलेरींनी त्या झाडासाठी जागा ठेवली, म्हणून ती कथा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

मंटोने तर शौर्य बाजूलाच ठेवले. ‘टिटवाल का कुत्ता’ या कथेत काश्मीरच्या डोंगरात दोन्ही बाजूंचे शिपाई मोर्चे धरून बसलेले आहेत. दिवसाकाठी दहा-बारा गोळ्या सुटतात, लागत कुणाला नाहीत. हवा छान आहे, रानफुले फुलली आहेत, आणि माणसे कंटाळली आहेत. बंतासिंग हीर गातो. एक भटका कुत्रा इकडून तिकडे जातो. त्याला इकडचे एक नाव देतात, तिकडचे दुसरे. आणि अखेर तो दोन्हींकडच्या गोळ्यांत सापडतो. ही कथा युद्धविरोधी रूपक म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यातले बिनकामाचे दिवस महत्त्वाचे वाटतात. इतके प्रेम करायला त्या शिपायांजवळ दुसरे कुणी नव्हते, म्हणून कुत्र्याच्या मालकीवरून एवढे रामायण झाले. घरापासून तुटलेल्या माणसाची ओढ कुठे जाऊन चिकटेल आणि कधी क्रौर्यात बदलेल याचा नेम नसतो, हे मंटोने पाहिले. ‘आखरी सल्यूट’मध्ये तर रबनवाज आणि रामसिंग हे जुन्या पलटणीतले सोबती समोरासमोरच्या टेकड्यांवर आहेत आणि एकमेकांना शिव्या देत हाका मारतात. मागच्या युद्धात दोघे मिळून घर आठवत होते. आता दोघांच्या घरांमध्ये सरहद्द आली आहे.

कथेइतकेच काम गाण्यांनी केले. हैदराबादच्या मख्दूम मोहिउद्दीन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिपायावर लिहिलेली नज्म पुढे १९६० सालच्या ‘उसने कहा था’ या चित्रपटात आली. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ (१९६४) मध्ये लडाखच्या बर्फात अडकलेले शिपाई घरी काय चालले असेल याची कल्पना करत गातात; ते शब्द कैफी आझमींचे. ‘बॉर्डर’ (१९९७) मधले पत्रांचे लांबलचक गाणे जावेद अख्तरांचे. त्या चित्रपटातल्या तोफा लोक विसरले असतील, ते गाणे विसरले नाहीत. रजेच्या गाडीत, बराकीत, गावच्या गणपतीच्या मंडपातही ते वाजते. शिपायाच्या घरच्या आठवणीला देशभर समजेल अशी भाषा मिळाली, त्यात उर्दू शायरांचा वाटा फार मोठा आहे.

इथेच आमच्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते. मुसलमान शायराने प्रत्येक जातीधर्माच्या शिपायाच्या ओढीला शब्द दिले. मुसलमान शिपायाच्या स्वतःच्या ओढीला मात्र कुणी शब्द दिले नाहीत. त्याच्याविषयी जे लिहिले आणि बोलले जाते ते त्याच्या शहादतीविषयी. आमच्या समाजाच्या सभांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत एक यादी म्हटली जाते. ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन. ही नावे घेताना आमचाही ऊर भरून येतो, आणि का येऊ नये? पण यादी म्हणणाऱ्याचा आवाज नीट ऐकावा. त्यात श्रद्धांजली असते तितकीच साक्षही असते. कुणीतरी न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर असते. आणि साक्षीदाराला कुणी विचारत नाही की तुला रात्री झोप लागली का.

२००६ साली सच्चर समितीच्या वेळी फौजेतले मुसलमान मोजावेत की मोजू नयेत यावर देशभर वाद झाला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. आकड्यावर सगळे बोलले. तो माणूस तिथे राहतो कसा, रमजान कसा काढतो, ईदला कुणाला फोन लावतो, यावर बोलावे असे त्या गदारोळात कुणाला सुचले नाही.

वास्तविक या वीरांच्या चरित्रांतही माणूस दडलेला आहे. ब्रिगेडियर उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगरला पडले, हे सगळे सांगतात. पण झांगर हातातून गेल्यावर ते परत घेईपर्यंत आपण खाटेवर झोपणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली होती. ऐन थंडीत ते जमिनीवर झोपत. १९४८च्या मार्चमध्ये झांगर परत मिळाले तेव्हा त्यांच्यासाठी जवळच्या गावातून एक खाट उसनी आणावी लागली. ही उसनी खाट आमच्या भाषणांत कधी येत नाही. शाळेतल्या मुलांना मात्र ती सांगून पाहावी. मुले लगेच विचारतात, मग त्या रात्री त्यांना झोप लागली का? मुलांना बरोबर जागा सापडते.

अब्दुल हमीद यांच्यावर राही मासूम रज़ा यांनी १९६६ साली लिहिलेल्या चरित्राचे नाव ‘छोटे आदमी की बड़ी कहानी’. राही स्वतः त्याच गाझीपूर जिल्ह्याचे. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे फोडणाऱ्या परमवीराला त्यांनी नावातच ‘छोटा आदमी’ म्हटले. हा अनादर नाही, हीच खरी जवळीक. धामूपूरच्या शिंप्याचा मुलगा ही त्याची ओळख पुसून त्याला पुतळा करायला राही तयार नव्हते, असे त्या नावावरून दिसते. त्याच वर्षीच्या ‘आधा गाँव’ कादंबरीत राहींनी तन्नू हे पात्र उभे केले. तन्नू दुसऱ्या महायुद्धातून परतलेला फौजी आहे. अलिगढहून प्रचाराला आलेली शिकलेली पोरे त्याला वेगळ्या मुलखाचे महत्त्व पटवायला बघतात, तेव्हा तो पुस्तकातले काही बोलत नाही. तो आपल्या गंगौलीविषयी बोलतो. ज्याने लांबच्या रणात बसून गाव आठवले आहे, त्याला गाव म्हणजे काय ते कळते. राहींनी शिपायाच्या घरच्या ओढीला विचाराचे वजन दिले. मुसलमान फौजीविषयी याहून खरे लिखाण आमच्या पाहण्यात नाही.

मराठीत असे का घडले नाही? फौजी जीवनावर मराठीत पुस्तके आहेत. विनोदी लेखक म्हणून नाव मिळवलेले कॅप्टन गो. गं. लिमये पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते. त्यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्याचे लेफ्टनंट जनरल थोरात यांचे ‘माझी शिपाईगिरी’ आहे. अलीकडे युद्धांच्या इतिहासाची अभ्यासपूर्ण पुस्तकेही आली. त्यांचे मोल आहेच. पण ही सगळी अधिकाऱ्यांची लेखणी. अधिकाऱ्याला नकाशा दिसतो, जवानाला समोरचा दगड दिसतो. साहित्याला दोन्ही हवेत. दगडाकडे पाहत दोन तास उभ्या राहिलेल्या माणसाची आत्मकथा मराठीत दलितांनी, भटक्यांनी, गिरणी कामगारांनी आपापल्या परीने लिहिली. जवानाने ती फारशी लिहिली नाही. आणि १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आमच्या लेखकांनी मोहल्ला लिहिला, दंगल लिहिली, तलाक लिहिला, भाषेची कुचंबणा लिहिली. मोहल्ल्यातून काळी पेटी घेऊन बाहेर पडणारा मुलगा त्यांच्याकडूनही राहून गेला.

विषय मिळत नाहीत असे तर म्हणताच येणार नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. माणसे काढायला लष्कराच्या बोटी आल्या. त्या बोटींवर परप्रांतातली मुले होती. आणि आमच्या तालुक्यातली मुले त्या वेळी कुठल्यातरी सरहद्दीवर दुसऱ्याचे गाव राखत होती. आपल्या आईला कुणी परका जवान कडेवर घेऊन बोटीत बसवतो आहे, आणि आपण इथे कोरड्या डोंगरावर उभे आहोत, हे ज्याने फोनवर ऐकले त्याची ती रात्र कुणी लिहिली? आमच्या वाचनात तरी नाही.

कुणी म्हणेल, घरची आठवण ही दुबळेपणाची गोष्ट आहे. ती लिहून शिपायाचे मन कशाला कच्चे करायचे? त्यातून मुसलमान शिपायाचे मन तर पोलादीच दाखवले पाहिजे, नाही तर लोक काय म्हणतील? ‘लोक काय म्हणतील’ या धाकानेच आजवर आपल्या पात्रांना गुदमरवले आहे. ज्याला घर आठवत नाही तो शूर नसतो, रिकामा असतो. लहनासिंहाच्या मनात आंब्याचे झाड होते म्हणून तो खंदकात टिकला. आणि शिरोळच्या मुसलमान जवानाला आठवते ते घर म्हणजे तरी काय? ऊसतोडीचे दिवस, नृसिंहवाडीच्या घाटावरची बासुंदी, गावच्या पीराचा उरूस, मोहरमचे पंजे आणि ते उचलणारे हिंदू शेजारी. ही आठवण पुराव्यासाठी लिहा असे आमचे म्हणणे नाही. पुराव्याची सवय लागली की आठवणही यादीत जाऊन बसते. ती आहे म्हणून लिहावी, एवढेच.

जयसिंगपूरला आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांना युद्धाविषयी विचारले तर ते दोन वाक्यांत आटोपतात. ईदविषयी विचारले तर तासभर बोलतात. तुकडीत मुसलमान ते एकटेच. दिवाळीच्या रात्री पहारा हे करायचे, म्हणजे बाकीच्यांना दिवे लावता यावेत. ईदच्या दिवशी त्यांचा पहारा सोबती करायचे. ठरवून दिलेले कुणी नव्हते, आपोआप पडलेला रिवाज होता. पण ईदची नमाज झाल्यावर मिळालेल्या त्या सुट्टीचे करायचे काय, हा प्रश्न असे. घरी शीरखुर्मा झाला असेल, पोरे नवे कपडे घालून ईदगाहवरून आली असतील, आणि आपल्याला दिवसभर काही काम नाही. तेव्हा ते म्हणे दुपारी स्वतःच पहाऱ्यावर जाऊन उभे राहत. बंदूक हातात असली की घर जरा कमी आठवते, असे ते म्हणाले. ही गोष्ट सांगताना त्यांनी देशभक्तीचा एकही शब्द वापरला नाही.

अशा माणसांकडे अजून पत्रे असतील. निळी आंतरदेशीय पत्रे, पत्त्यात ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’, म्हणजे माणूस कुठे आहे ते घरालाही कळू नये असा पत्ता. आता मोबाइल आहेत. रेंज मिळाली की जवान मुलाचे तोंड पाहू शकतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बोलणे हवेत जाते, मागे कागद राहत नाही. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला सेन्सॉरची कचेरीसुद्धा सापडणार नाही. त्यामुळे पेट्यांतली जी पत्रे आहेत ती वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यायला हवीत. उर्दूतली असतील तर आमच्यासारख्या शिक्षकांनी ती मराठीत आणावीत. हे काम विद्यापीठाचे अनुदान मिळण्याची वाट पाहण्यासारखे नाही.

लेखक मित्रांना आमची विनंती आहे की आपल्या मोहल्ल्यात एखादा निवृत्त फौजी असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. झेलम एक्स्प्रेसमध्ये पुण्याहून जम्मूपर्यंत बसायला जागा कशी मिळवायचे ते विचारा. रमजानमध्ये सहरीला लंगरवाला उठायचा की हे स्वतःच चहा करायचे ते विचारा. वर्षाच्या साठ दिवसांच्या रजेतले किती दिवस गाडीत जायचे, मूल झाल्याची बातमी किती दिवसांनी कळली, वडिलांच्या मयतीला पोचता आले का, परतताना बायको दारापर्यंत यायची की आतच थांबायची, हे सगळे विचारा. पदक मिळाले का, हे अगदी शेवटी विचारा.